पुढच्या फाटकातून

"मग मी तुमच्याविरुद्ध साक्षीदार उभे करीन," सून म्हणाली.

"कर की. किती जण येणार तेवढं आधी सांग, म्हणजे चहाला दूध जास्त घेऊन ठेवते."

"आई, मी थट्टा करत नाहीये."

"मग मी करतेय होय? सासूविरुद्ध साक्षीदार उभे करणारी सून अख्ख्या मुलखात एखादीच असेल, ती बरी माझ्याच पदरात पडली!"

बाईंची सुरी कांद्यावर अशी चालली होती की त्या कांद्यानं त्यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. सून ओट्याला टेकून उभी होती. अंगावर बाहेरचे कपडे, खांद्याला पिशवी तशीच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती कचेरीत जाऊन आली होती, आणि आल्या आल्या नवऱ्यानं दारातच तिला सांगितलं होतं की आईनं ठरवलंय. उद्या चौकशी अधिकाऱ्यापुढे जबानी आहे ना, तिथं आई सगळं स्वतःच्या अंगावर घेणार आहे.

"काय सांगणार आहात तुम्ही तिथं? मला तरी कळू दे."

"सांगणार, की त्या कंत्राटदाराच्या बंगल्यावर मी माझ्या मनानं गेले होते. नातीला तुमच्या कंपनीत कुठंतरी चिकटवा म्हणून सांगायला. सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं."

"आणि हे खरं आहे?"

"खरं नाही हे तुला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कुठं खरं हवंय? त्यांना कुणीतरी हवंय. मी म्हातारी बाई, मला काय करणार आहेत? चार शब्द सुनावतील आणि घरी पाठवतील. तू आत गेलीस तर?"

"आत गेले तर बाहेर येईन."

"कोणत्या साली?" दारातून मुलगा म्हणाला. त्याच्या हातात चष्मा पुसायचं फडकं होतं. दुकान बंद असलं तरी ते फडकं त्याच्या हातून सुटत नसे.

सुनेनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आई, नीट ऐका. तुम्ही मागायला गेला होतात असं एकदा तुमच्या तोंडून निघालं की मी सुटते. कबूल. पण मग त्याचा वकील उभा राहून म्हणणार, सरकारी वकिलांच्या घरचीच माणसं आमच्या दारात हात पसरून उभी होती, यांनी केस कशी चालवायची? मला बाजूला काढतील, नवा माणूस आणतील, आणि तो नवा माणूस कुणाचा असेल हे मी सांगायला नको. म्हणजे माझ्याबरोबर तोही सुटला. तुमची ही जबानी त्यांना त्याच्यासाठी हवीय. माझ्यासाठी नाही."

"सुटला तर सुटला! मला काय त्याला जावई करून घ्यायचाय?"

"आजी, मला त्याच्या कंपनीत नोकरी नकोय हं!" आतल्या खोलीतून नात ओरडली. "मला न विचारता परस्पर चिकटवू नका!"

"तू अभ्यास कर!" तिघंही एकदमच म्हणाले. सकाळपासून त्या घराचं एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत.

गल्लीत या बाईंना सगळे पार्सलबाई म्हणत. खरं नाव घेणारं माणूस आता उरलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पोस्टाच्या पार्सल खिडकीवर काढली. नवरा अकाली गेला, पदरात दोन मुलं. त्या खिडकीच्या जिवावर त्यांनी लेकीचं लग्न लावून दिलं आणि मुलाला चष्म्याचं दुकान थाटून दिलं. खिडकीवरचा त्यांचा धाक असा होता की माणसं घरून ओळखपत्र घेतल्याची खात्री करून मगच रांगेत उभी राहत. एकदा एक बडे साहेब तसेच आले. "मला ओळखत नाही?" असं म्हणाले. "ओळखते ना," बाई म्हणाल्या, "पण पार्सल ओळखत नाही." साहेब घरी जाऊन ओळखपत्र घेऊन आले आणि शेवटी उभे राहिले.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. आत काय आहे हे विचारणं पार्सलवाल्याचं काम नाही. ते न उघडता, न आदळता, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. सही घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही. घरातसुद्धा त्यांचा हाच खाक्या. लहानपणी मुलाला डबा देताना त्या "नीट धरलास?" असं विचारत, आणि त्यानं "धरला" म्हटल्याखेरीज हात सोडत नसत.

अशा बाईंच्या घरात सून आली ती सरकारी वकील. पहिला महिनाभर बाई हवेत होत्या. ज्याला त्याला सांगत सुटल्या. मग एक दिवस शेजारीण नवीन तवा घेऊन आली, सहज, लग्नाचं राहिलं होतं म्हणून. सुनेनं विचारलं, "तुमचे एक भाऊ जकातीच्या खटल्यात आहेत ना?" आणि तवा आल्या पावली परत गेला. शेजारीण त्यानंतर कित्येक दिवस या घरावरून जाताना मान फिरवून गेली.

मग एकेक कळत गेलं. सून लग्नाकार्याला गेली तर स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जाई आणि ती मांडीवर घेऊन बसे. खटला चालू असताना परक्या घरचं घोटभर पाणीसुद्धा नाही. लोक बाईंना कानात विचारत, "सुनेला पथ्य आहे का काही?" बाई म्हणत, "आहे." आणखी काय सांगणार?

"पोस्टात मलाही लोक फळं आणून द्यायचे," एकदा त्या भडकून म्हणाल्या होत्या. "मीही घेतली नाहीत. पण म्हणून मी दवंडी पिटली नाही."

"मग कशी परत करायची होती मी?"

"तुला परत करताच येत नाही. तू भाषण देतेस. समोरच्याचं तोंड एवढंसं होतं आणि तो जन्माचा वैरी होतो. दे इकडे."

तेव्हापासून परत करायचं खातं बाईंकडे आलं. कुणाकडून काही आलं की त्या ते आलं होतं त्याहून चांगलं बांधत. वरून स्वच्छ कापड, त्याला धावदोरा, गाठ आतल्या बाजूला. मग चांगले कपडे घालून, भर दिवसा, स्वतः घेऊन जात. पुढच्या दारानं. दार उघडलं की म्हणत, "हे चुकून आमच्याकडे आलंय हो." बस्स, एवढंच. देणाऱ्याचीही लाज राखली जाई आणि वस्तूही परत जाई. निघताना मात्र त्या पोच म्हणून सही मागत, आणि माणसं बिचारी हसत हसत करत. असे किती दिवे, किती टोपल्या, किती घड्याळं त्यांनी पोचवली त्याला गणती नाही. एकदा नातीसाठी लाल सायकल आली होती. पोरीनं गल्लीत एक फेरी मारली होती तेवढ्यात सुनेला कळलं. नात दिवसभर रडली. बाईंनी सायकल पुसली, घंटीवर कापड गुंडाळलं आणि हातात धरून चालत चालत शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन दिली. वाटेत कितीतरी जणांनी विचारलं, "काय पार्सलबाई, या वयात सायकल?" "शिकतेय," त्या म्हणाल्या. परत येताना पायाला फोड आले होते, पण त्या दिवसापासून आजी सुनेच्या नियमाला 'आमचा नियम' म्हणू लागली, हे नातीनं ऐकलं.

त्यानंतर नळाची केस आली. गावाबाहेरच्या वस्त्यांना पाणी द्यायचं म्हणून मोठमोठे पाइप घातल्याचं सरकारदरबारी नोंदलं होतं. त्याचे पैसेही चुकते झाले होते. जमीन खणली तर खाली दगडमाती आणि गांडुळं. वस्तीतल्या बायका अजून डोक्यावर घागरी घेऊन ओढ्यावर जात होत्या. कंत्राटदार मोठा, आणि त्याच्या मागे उभा असलेला मंत्री त्याहून मोठा. ज्या पोलीस अधिकाऱ्यानं हे उकरून काढलं त्याला निलंबित केलं होतं. तो आता सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखत बसतो. पहिल्या सरकारी वकिलाची बदली अशा ठिकाणी झाली की तिथून त्याचं पत्र यायलासुद्धा फार दिवस लागत. मग ती केस कुणी घेईना. सुनेनं घेतली.

ती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, एका दुपारी, दारात गाडी थांबली. एक गृहस्थ उतरला. "साहेबांकडून वकीलबाईंना," असं म्हणून त्यानं जड खोकं उंबऱ्यात ठेवलं. बाई ओले हात पुसून बाहेर येईपर्यंत गाडी वळून गेलीसुद्धा. खोक्यावर कंत्राटदाराच्या कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं.

बाईंनी ते उघडलं नाही. कापड काढलं, शिवलं, कपडे बदलले, रिक्षा बोलावली. बंगला केवढा थोरला, त्याला दोन फाटकं. पहारेकरी म्हणाला, "सामान मागच्या फाटकानं."

"मी सामान नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्याच फाटकातून आत शिरल्या.

मग एक व्यवस्थापक बाहेर आला. त्यानं तोंडभरून हसत खोकं घेतलं. "चुकून आलंय हो," हे वाक्य ऐकून आणखीच हसला. सही मागितली तर म्हणाला, "आजी, आम्ही असल्या सह्याबिह्या करत नाही." बाईंनी पुन्हा मागितली. ऊन मी म्हणत होतं. तो हसतच राहिला, खोकं आत गेलं, फाटक लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच बाई वस्तू देऊन, सही न घेता परत आल्या.

संध्याकाळी सुनेला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, हे त्या सायकलीसारखं नव्हतं. हा आरोपी आहे. हे पोलिसांना बोलावून, पंचांसमोर उघडून, जप्त करायचं होतं."

"मग तसं आधी सांगायचं होतंस!"

"हो. सांगायला पाहिजे होतं," सून म्हणाली. वाद वाढवण्याऐवजी तिनं असं सरळ मान्य केलं की बाईंना जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून वरच्या साहेबांकडे गेली आणि घडलं तसं सगळं सांगून आली. साहेब म्हणाले, चांगलं केलंत, काळजी करू नका.

काही महिन्यांनी केस रंगात आली आणि मग एका सकाळी बाईंचा फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर. बाई आणि तो व्यवस्थापक समोरासमोर, मागे नुसती भिंत, फोटो असा काळपट केलेला की दिवस आहे की रात्र कळू नये. तो हसतोय, बाईंचे हात रिकामे, पुढे पसरलेले. सही मागतानाचे हात ते! खोकं कुठंही दिसत नाही, ते आधीच आत गेलेलं. खाली लिहिलेलं, 'सरकारी वकिलांच्या सासूबाई आरोपीच्या दारी.' सुनेनंच सासूला मागायला पाठवलं का, अशी चौकशी बसली. वरच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, असं काही मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

मग दुकानावर वजनमापवाले आले. चष्म्याच्या दुकानात वजनमापवाल्यांचं काय काम, असं मुलानं विचारलं तर म्हणाले, तेच बघायला आलोय.

सून घरी यातलं काही बोलत नसे. जेवताना नातीच्या अभ्यासाचं विचारी, भांडी घासायला लागे. ती एकदा जवळचा चष्मा विसरून गेली तेव्हा बाई तो द्यायला कचेरीत गेल्या. आधीची खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. तिथं दुसरंच कुणी बसलेलं. विचारत विचारत बाई तळमजल्यावर आल्या. जिन्याखाली, मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या जागेत, एक टेबल. वर दिवा लटकलेला. टेलिफोनची नुसती वायर भिंतीतून लोंबत होती. जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे बूट डोक्यावर वाजत होते. काळ्या कोटातले वकील येत, जात, आणि नेमक्या त्या टेबलापाशी आले की समोरच्या भिंतीकडे बघत. आणि आपली सून, कोटाच्या बाह्या जराशा वर सारून, समोर बसलेल्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईला कोर्टात कुठं उभं राहायचं, कुणाकडे बघून बोलायचं हे शांतपणे समजावत होती. घाई नाही, आवाज चढलेला नाही. त्या म्हाताऱ्या बाईनं पाणी मागितलं. सुनेनं आपली बाटली तिच्यापुढे केली.

बाई खांबाआड उभ्या राहिल्या. चष्मा द्यायचं सुचेना. त्यांना आपली खिडकी आठवली, रांग आठवली, आपण त्या खुर्चीत बसायचो तेव्हाचा आपला ताठ कणा आठवला, आणि वाटलं, ही आपल्या पोटची नाही म्हणून काय झालं, हिची पाठ आपल्यासारखी आहे. घरी आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या रात्री सुनेच्या ताटात भाजी जरा जास्त वाढली, आणि "मला एवढी नको" म्हटल्यावर "मुकाट्यानं खा" म्हणाल्या.

म्हणूनच त्यांनी ठरवलं होतं. अशा पाठीला तुरुंगात बसवायचं नाही. आपलं नाव गेलं तर जाऊ दे, आपलं आता कितीसं राहिलंय.

भांडण इथवर आलं होतं आणि दारावरची घंटा वाजली. लेक आणि जावई आले होते.

जावई नगरपालिकेत होते, पाणी खात्यातच. स्वभावानं वाईट नाहीत, फक्त साहेबाचं नाव निघालं की बसल्या जागी सावरून बसत. ही तोड त्यांनीच आणली होती, म्हणजे त्यांच्या साहेबांनी त्यांच्या हातून पाठवली होती. सासूनं सगळं आपल्यावर घ्यायचं, सुनेवरची चौकशी बंद, तिची बदली कुठल्याशा दफ्तरखान्यात, आणि म्हाताऱ्या बाईला कुणी हात लावणार नाही.

"वहिनी, तुम्ही चिडू नका," लेक आल्या आल्या म्हणाली. "यांना किती ताण आलाय बघा. झोप नाही."

"मला झोप लागते," सून म्हणाली.

"तुम्ही ना, वहिनी, खरंच!"

"बरं ते राहू दे," जावई घाईनं म्हणाले. "आई, आपण एकदा तालीम करून घेऊ. उद्या ऐन वेळी गोंधळ नको. मी अधिकारी आहे असं समजा." त्यांनी खुर्ची ओढली, पाय जवळ घेतले, घसा साफ केला. नात दारात येऊन उभी राहिली.

"काका, अधिकारी असे घाबरून बसत नाहीत."

"तू आत जा गं. हं. तर आजीबाई, तुम्ही आरोपीच्या बंगल्यावर गेला होतात?"

"गेले होते."

"छान. कशासाठी?"

"खोकं परत..."

"आई!"

"चुकलं. नातीच्या नोकरीचं सांगायला."

"छान. किती वाजता?"

"दुपारी."

"दुपारी नाही, आई. अंधार पडल्यावर. दुपारी कुणी असल्या कामाला जातं का? कोणत्या फाटकातून आत गेलात?"

"पुढच्या."

"मागच्या म्हणा. फोटोत फाटक दिसत नाही, म्हणून आपल्याला सोपं आहे. मागच्या फाटकातून, म्हणजे लपूनछपून गेल्यासारखं वाटलं पाहिजे. हं, कोणत्या फाटकातून?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आई? कोणत्या फाटकातून?"

"मागच्या," बाई म्हणाल्या. आवाज असा निघाला की मुलानं फडकं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"जमतंय. आता महत्त्वाचं. ते विचारणार की तुमच्या घरात म्हणे आलेली वस्तू परत करायची पद्धत आहे, तुम्ही तसंच काहीतरी परत करायला गेला असाल. तर तुम्ही काय म्हणायचं? तसली काही पद्धत आमच्याकडे नाही. सुनेनं असं कधी काही सांगितलेलं नाही. म्हणा बघू."

बाई सुनेकडे बघत होत्या. सून खिडकीतून बाहेर बघत होती. बाई अंगावर घ्यायला निघालेले शब्द अडवण्याचा नाद तिनं सोडून दिला होता.

"म्हणा ना आई. पद्धत नाही."

"मग मी एवढी वर्षं काय करत हिंडत होते?" बाई म्हणाल्या.

"काय?"

"उन्हातान्हात, जिन्याजिन्यानं. त्या दिव्यांना कापडं शिवत बसले. पोरीच्या हातातली सायकल काढून घेतली मी, जावईबापू. तिच्या डोळ्यादेखत. ती कशासाठी? पद्धत नव्हती म्हणून?"

"अहो, हे फक्त बोलायचं आहे. बोलायला काय जातं?"

"मी लोभी आहे म्हणून सांगायचं, ते मी सांगितलं असतं. माझं मी बघून घेतलं असतं. पण हिनं कधी काही सांगितलं नाही असं कसं सांगू? या घरात दुसरं काय सांगितलंय हिनं? पोरगी बोलायला शिकली त्या आधी 'नको, परत द्या' हे शिकली."

"खरंय," नात म्हणाली. "मी अजून वाढदिवसाला भेट घेण्याआधी मैत्रिणींना विचारते, तुझे बाबा काय करतात."

मुलगा हसला आणि मग एकदम त्याचं हसू ओढल्यासारखं थांबलं. "आई, पण ते हिला पकडतील. विचार केलास?"

"तेच विचारते," बाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "काय होईल? खरंखरं सांग, वकिलासारखं सांग, सुनेसारखं नको."

सून खिडकीपासून वळली. "तुम्ही खरं सांगितलंत, की खोकं आलं होतं, ते तुम्ही परत नेऊन दिलंत, त्यांनी सही दिली नाही, तर त्याला पुरावा नाही. तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. मला निलंबित करतील. कदाचित अटकही होईल, नक्की सांगता येत नाही. पण निलंबित होईपर्यंत केस माझ्याकडे आहे, आणि परवा त्या वस्तीतल्या बाईची साक्ष आहे. ती एकदा नोंदली गेली की मला काढलं तरी ती पुसता येत नाही."

"आणि मी मागच्या फाटकानं गेले असले तर?"

"तर परवा साक्ष होणार नाही."

जावई खुर्चीतून उठले. ते घामाघूम झाले होते. "आई, माझ्या साहेबांना मी शब्द दिलाय. उद्या तुम्ही उलटं बोललात तर माझं काय होईल याचा विचार करा. मला काही कंत्राटदाराचं प्रेम नाहीये. माझी नोकरी आहे. हप्ते आहेत."

लेकीचे डोळे भरून आले. "आई, यांचा पण विचार कर ना गं. मी तुझी पोटची आहे."

हे बाईंना लागलं. लेकीचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्यावर थोपटत राहिल्या, लहानपणी ताप आला की थोपटत तसं.

"तुला माझ्या खिडकीची लाज वाटायची," त्या हळूच म्हणाल्या. "शाळेत मुली चिडवायच्या, तुझी आई पार्सलवाली. आठवतं? तेव्हा मी म्हटलं होतं, चिडवू दे, त्यांचं सामान माझ्याच हातून जातं. तुमची नोकरी गेली, जावईबापू, तर वरची खोली रिकामी आहे. मुलंबाळं घेऊन इथं या. दुकानात मदतीला माणूस हवाच आहे, वजनमापवाले येतात त्यांच्याशी तुमचं बरं जमेल."

नातीनं तोंडावर हात दाबला. जावई हसावं की रागवावं या विचारात तसेच उभे राहिले, मग खुर्चीत परत बसले.

"आई, मी तुम्हाला हे करायला सांगत नाहीये," सून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "तुम्हालाही दिवसभर बसवून ठेवतील तिथं. वाट्टेल ते विचारतील. चोर म्हणतील तोंडावर."

"म्हणू देत. आयुष्यभर रांगेत उभं राहून लोकांनी मला काय काय म्हटलंय ते तू ऐकलेलं नाहीस." बाईंनी पदर खोचला. "आणि तू काय ते साक्षीदार उभे करणार होतीस ना माझ्याविरुद्ध? आता त्यांना घरी जायला सांग."

सून हसली. हसता हसता तिनं खांद्यावरची पिशवी एकदाची काढून खुर्चीवर ठेवली.

बाईंनी सुरी धुतली, ओटा पुसला, तांदळाचा डबा खाली घेतला आणि सगळ्यांकडे वळल्या.

"ऐका. उद्या जबानीला मी जाणार आणि घडलं तसंच सांगणार. परवा ही कोर्टात उभी राहणार आणि त्या बाईची साक्ष घेणार. दुकान रोजच्या वेळेला उघडायचं. ज्याला हे चालणार नसेल त्यानं आत्ताच सांगा, मी त्या मापानं भात लावते."